एका दिवशी एकच वाडी : कोकणातून सिंगापूरची पहिली सहल, खिसा सांभाळून

आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात सात सिंगापुरं मावतात. जिल्ह्याचं क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर, सिंगापूरचं साधारण ७३५. हा हिशेब मी निघायच्या आधीच केला होता, आणि तिथेच फसलो. म्हटलं, एवढंसं शहर, पाच दिवसांत उभं-आडवं बघून होईल. दुसऱ्याच दिवशी सकाळी उत्तरेच्या टोकाला प्राणिसंग्रहालय, दुपारी दक्षिणेला सेंटोसा बेट, संध्याकाळी ऑर्चर्ड रोड असा बेत आखला. सोबत बायको आणि सत्तरीची आई. रात्री खोलीवर आलो तेव्हा आईचे पाय सुजलेले, बायको गप्प, आणि माझ्या फोनमध्ये दोनशे फोटो, त्यातला एकही नीट आठवत नाही. आई पाय चोळत म्हणाली, "एका दिसात पाच देवळां केल्यार देव पावता काय रे?"

त्या रात्री बाकीचा सगळा बेत फाडला आणि एकच नियम केला: एका दिवशी एकच वाडी. शहराचा एक तुकडा धरायचा, तिथे पायी फिरायचं, तिथेच जेवायचं, तिथेच बसायचं. पुढचे दिवस आधीच्यापेक्षा निम्म्या खर्चात झाले आणि आजही तेच आठवतात. खालचं सगळं त्या नियमाभोवती आहे. सिंगापूरचं उदाहरण घेतलं आहे कारण ते मला ठाऊक आहे. बँकॉक किंवा क्वालालंपूरला जाणाऱ्यांनाही यातलं बरंच कामाला येईल, फक्त व्हिसाचे आणि गाडीभाड्याचे नियम तिथले तिथे बघायचे.

आधी आकडा, मग तिकीट

स्वस्त तिकिटाची जाहिरात दिसली की लोक आधी तिकीट काढतात आणि मग बाकीच्या खर्चाने डोळे पांढरे होतात. तिकीट हा एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा असतो. म्हणून वहीत आधी पूर्ण आकडा मांडा. सिंगापूरचा डॉलर ७० रुपयांना धरला तर हिशेब तोंडी करता येतो.

दोघांनी एक खोली वाटून घेतली आणि पाच रात्री राहिलं तर एका माणसाचा माझा अंदाज असा: मुंबईहून येण्या-जाण्याचं विमान २५ ते ३२ हजार, व्हिसा एजंटाच्या फीसह ३ ते ४ हजार, खोलीचा निम्मा वाटा १९ ते २० हजार, जेवणखाण साडेदहा हजार, शहरातली गाडी अडीच हजार, तिकिटाची ठिकाणं सात हजार, विमा आणि फोनचं कार्ड दोन हजार, गावाहून मुंबई आणि परत तीन हजार. वर दहा टक्के हाताशी राखीव. म्हणजे ८० ते ९० हजार. यात खरेदी नाही. खरेदीचा आकडा बायकोशी बोलूनच घाला, मी त्यात पडत नाही.

एवढी रक्कम एकदम निघत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. बागायतदाराचा पैसा मे महिन्यात हातात येतो, नोकरदाराचा दर महिन्याला थोडा थोडा. आमच्याकडे दोन वर्षांच्या भिशीतून निम्मं निघालं. कर्ज काढून सहलीला जाऊ नये, हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

पॅकेज टूरबद्दल. टूरवाल्यांबरोबर जाण्यात कमीपणा काही नाही. घरात कुणालाच मोबाईलवरचा नकाशा वाचता येत नसेल, किंवा सगळेच साठीच्या पुढचे असतील, तर पॅकेजच बरं. पण त्यात दिवसाला चार वाड्या ठरलेल्या असतात आणि बसमधून उतरून फोटो काढून परत बसमध्ये चढायचं असतं. परदेशी पॅकेजवर टीसीएस नावाचा करही आगाऊ कापून घेतात. तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो किंवा परत मागता येतो, तेव्हा पावती जपून ठेवा.

पासपोर्ट : कागदावरची नावं जुळवा

अर्ज ऑनलाइन भरायचा आणि सोयीचं केंद्र निवडायचं. आता काही पोस्ट ऑफिसांतही पासपोर्ट सेवा केंद्रं आहेत, त्यामुळे प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागत नाही. ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर वर २,०००. मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो. सहलीच्या वर्षभर आधी काढून ठेवला तर तत्काळचे पैसे वाचतात.

अडकतं ते नावांत. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, पॅनवर वडिलांचं नाव गायब, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. आईच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी होती, कारण त्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस शाळामास्तरांनीच ठरवला. अर्ज भरण्याआधी सगळे कागद ओळीने मांडून एकेक अक्षर ताडून बघा आणि चूक असेल तर आधी आधार दुरुस्त करा. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट असेल तर विमानाचं तिकीटही त्याच नावाने काढायचं, एवढंच. मूल १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेलं असेल तर जन्मतारखेसाठी फक्त जन्मदाखलाच चालतो, तेव्हा ग्रामपंचायतीतून किंवा नगरपरिषदेतून तो वेळेवर घ्या.

पोलीस पडताळणीला घरी कुणीतरी असू द्या. आणि सिंगापूरला उतरण्याच्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. जुना पासपोर्ट कपाटातून काढून आज रात्रीच बघून घ्या.

कधी जायचं

सिंगापूर विषुववृत्ताच्या जेमतेम वर आहे. बारा महिने उकाडा, बारा महिने पाऊस. नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस जास्त. आपल्याला याची भीती नाही. मृग नक्षत्रात छत्री उलटी झालेल्या माणसाला तिथली तासाभराची सर म्हणजे गंमत वाटते.

आपल्या बाजूने बघितलं तर आंबा संपून लावणी झाली की गणपतीपर्यंत मधे एक फट असते, जुलैची अखेर ते ऑगस्ट. शाळा चालू असतात हे खरं, पण मुलं मोठी असतील तर हा काळ चांगला. फेब्रुवारीही चांगला, फक्त चिनी नववर्षाचे दिवस टाळा. तेव्हा खाण्याचे कितीतरी गाळे बंद असतात. शर्यतीच्या गाड्यांची ग्रां प्री ज्या आठवड्यात असते त्या आठवड्यात खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात, तो आठवडा आधी शोधून टाळायचाच. दिवाळीच्या सुमाराला लिटल इंडियात रस्ताभर रोषणाई असते, पण आपली दिवाळी सोडून दुसऱ्याची बघायला जायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

तिकीट, आणि त्याआधीची रेल्वे

मुंबईहून थेट विमान साधारण साडेपाच तासांत पोहोचवतं. मधे उतरून जाणारं विमान चार-पाच हजारांनी स्वस्त दिसतं, पण त्यात दिवसातले सहा-आठ तास जातात आणि तिथला एक दिवस म्हणजे खोलीचा आणि जेवणाचा मिळून सहा हजारांचा माल आहे. पहिल्या सहलीला थेट विमानच घ्या. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. सकाळी किंवा दुपारी पोहोचणारं विमान बघा. मध्यरात्रीनंतर उतरलात तर शहरात जाणारी मेट्रो बंद झालेली असते आणि टॅक्सीला रात्रीचा जादा आकार लागतो, म्हणजे तिकिटात वाचलेले पैसे तिथे गेले.

स्वस्त विमानकंपन्यांच्या भाड्यात सामान, जेवण, जागा काहीच नसतं. सामान धरून भाव ताडा. तिकिटावर मुंबईचा कुठला विमानतळ लिहिला आहे तेही वाचा, आता नवी मुंबईलाही विमानतळ झाला आहे.

आता आपला खास कोकणी प्रश्न. विमान ज्या दिवशी, त्याच दिवशीच्या रेल्वेने मुंबईला पोहोचायचं धाडस करू नका. कोकणकन्या वेळेवर पोहोचते तेव्हा अगदी वेळेवर पोहोचते, पण पावसाळ्यात वेळापत्रकच वेगळं असतं, आणि कुठे रुळावर माती आली तर गाडी रत्नागिरीच्या अलीकडे बसून राहते. एक दिवस आधी मुंबईत हजर व्हा. लालबाग, डोंबिवली, विरार, कुठेतरी आपलं माणूस असतंच. वर्षभर चाकरमानी गावी येऊन आपल्याकडे उतरतात, एक रात्र आपण त्यांच्याकडे उतरलं तर बिघडलं कुठे? जाताना आगळाची बाटली आणि चार सुके बांगडे न्यायचे.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. त्या दिवशी सकाळी आठला फोन हातात घेऊन बसा. जाण्याचं आणि येण्याचं दोन्ही एकदम लक्षात ठेवा. लोक जाण्याचं काढतात आणि परतीच्या वेळी सिंगापूरहून आलेला माणूस पनवेलच्या पुलाखाली खासगी बसची वाट बघत उभा असतो. दादरला उतरलात तर मेट्रो ३ ने थेट विमानतळाच्या टी-२ स्थानकापर्यंत जाता येतं, फक्त रेल्वेतून उतरून पश्चिमेला थोडं चालावं लागतं. पहाटेचं विमान असेल तर मेट्रो सुरू झालेली नसते, तेव्हा रिक्षा-टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवा.

व्हिसा, लहानशीच गोष्ट

भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो आणि तो अधिकृत एजंटामार्फत काढतात. त्यांची यादी सिंगापूरच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर असते. सरकारी फी ३० डॉलर, एजंटाचा आकार वेगळा. दोन-तीन ठिकाणी विचारा, फरक बराच निघतो. अर्ज, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो, पासपोर्टची प्रत, जाण्या-येण्याचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि कशासाठी जातोय याचं साधं पत्र. व्हिसा ईमेलवर येतो, त्याचे दोन छापील कागद काढून ठेवा. आला की नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षर-अक्षर तपासा. आमच्या एका कागदावर आईच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं, एजंटाच्या ऑफिसात टाइप करताना. निघायच्या चार दिवस आधी लक्षात आलं आणि ते चार दिवस कसे गेले ते आम्हालाच माहीत.

शिवाय सिंगापूरला उतरण्याचा दिवस धरून आधीच्या तीन दिवसांत 'एसजी अरायव्हल कार्ड' ऑनलाइन भरायचं. हे पूर्ण फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते खोटं समजून बंद करा.

खोली कुठे घ्यायची

खोली स्वस्त मिळते लिटल इंडिया, जालान बेसार, लॅव्हेंडर, चायनाटाऊन या भागांत. दोघांच्या साध्या खोलीला रात्रीचे ९० ते १५० डॉलर धरा. एकटा तरुण असेल तर वसतिगृहातली कॅप्सूलसारखी खाट ३० ते ६० डॉलरांत मिळते. गेलांग नावाच्या भागात खोल्या आणखी स्वस्त दिसतील, पण तिथल्या काही गल्ल्या रात्रीच्या धंद्यासाठी प्रसिद्ध आहेत. आईला घेऊन तिथे नको.

खोली निवडताना तीन गोष्टी बघा. मेट्रो स्टेशन पायी सात मिनिटांत आहे का. आसपास हॉकर सेंटर, म्हणजे गाळ्यागाळ्यांचं सरकारी खाणावळ-संकुल, आहे का. आणि खोलीला खिडकी आहे का. तिसरी गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. तिथल्या स्वस्त हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास असतात आणि जाहिरातीत ते बारीक अक्षरांत असतं. आम्ही तशीच खोली घेतली. पावसात भिजलेले कपडे तीन दिवस सुकले नाहीत आणि खोलीला आषाढातल्या माजघराचा वास यायला लागला. शेवटी नाण्यांवर चालणाऱ्या धुलाईच्या दुकानात जाऊन मशीनमध्ये सुकवून आणले.

पैसे आणि फोन

निम्मे पैसे फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधी परकी चलन भरून ठेवायच्या कार्डावर, थोडे रोख, आणि अडीअडचणीला बँकेचं एक कार्ड. आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशातला वापर मुळात बंद असतो, तो ॲपमधून निघण्याआधी चालू करा. नाहीतर तिथे गेल्यावर ओटीपीची वाट बघत बसाल. साध्या कार्डावर प्रत्येक खर्चामागे साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकार लागतो, फॉरेक्स कार्डावर कमी. आपलं यूपीआय तिथे काही दुकानांत चालतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. रोख डॉलर गावाकडे मिळवणं कटकटीचं, मुंबईत एक दिवस आधी पोहोचताच आहात, तिथे दोन-तीन दुकानांत भाव विचारून घ्या. विमानतळावरचा भाव सगळ्यात वाईट.

फोनसाठी ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम, स्वस्त पडतं. सिंगापूरचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. आणि प्रवासविमा घ्याच. तिथे दवाखान्याचं बिल डॉलरमध्ये येतं, आणि विम्याचे हजारभर रुपये वाचवून ते बिल भरायचं म्हणजे घर विकायची पाळी.

बॅगेत काय नको

काय न्यायचं हे सगळे सांगतात. छत्री, ओला झाला तरी चालेल असा चपलेचा जोड, औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर, आणि बाथरूममध्ये जेटस्प्रे नसला तर कामी येणारी रिकामी बाटली, एवढं बास.

न नेण्याची यादी आपल्यासाठी जास्त महत्त्वाची. खाण्याचा तंबाखू सिंगापुरात नेण्यावर बंदी आहे. खिशात चंची ठेवणाऱ्या काकांना हे घरीच सांगा, विमानतळावर सांगून उपयोग नाही. सिगारेटचं एकही पाकीट करमाफ नाही. व्हेप म्हणजे ई-सिगारेट बंद, च्युइंगमची विक्री आणि आयात १९९२ पासून बंद. आणि ज्याची कल्पनाही येत नाही ती गोष्ट म्हणजे खसखस. तिथे ती अमली पदार्थांच्या नियमांत येते. म्हणजे अनारसे घरी. चिवडा, खाकरे, लाडू न्या, मांसाचे पदार्थ नकोत. आगळ किंवा लोणचं न्यायचं तर मोठ्या बॅगेत, हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर पातळ काही चालत नाही. बॅगा घरीच काट्यावर तोला. हातातली बॅग सात किलोच्या वर गेली की विमानतळावर सगळ्यांदेखत कपडे काढून कपड्यांवर चढवावे लागतात, मी तसं करणारे लोक पाहिले आहेत.

मुंबईत रंगीत तालीम

हे कुणी सांगत नाही आणि मला सगळ्यात उपयोगी वाटतं. निघण्याच्या दोन-तीन महिने आधी मुंबईला कामाने जाल तेव्हा एक दिवस परक्यासारखे वागा. कुणाला रस्ता विचारायचा नाही, फक्त फोनवरचा नकाशा. मेट्रोने सीएसएमटीला उतरायचं, फोर्टातून काळा घोडा, तिथून गेटवे, पायी. हॉटेलात शिरण्याआधी भाव वाचायचा. दिवसाचं पाणी सोबत. रात्री पावलं मोजा. दहा-बारा किलोमीटर सहज होतात. ज्याच्या टाचा दुखल्या त्याने बूट बदलावेत, ज्याची चिडचिड झाली त्याच्यासाठी बेतात दुपारची झोप घालावी. आमची तालीम झाली असती तर त्या दुसऱ्या दिवसाचा गोंधळ झालाच नसता.

आता वाड्या

विमानतळावरून मेट्रोने शहरात या. तिकिटाचं यंत्र शोधत बसू नका. स्पर्शाने चालणारं आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड फाटकाला लावलं की दार उघडतं, उतरताना पुन्हा लावायचं. माणशी एक कार्ड लागतं, एकावर तिघे जात नाहीत. परदेशी कार्डावर दिवसाला थोडा जादा आकार पडतो, तो नको असेल किंवा घरातल्या सगळ्यांकडे कार्ड नसेल तर ईझी-लिंक कार्ड घ्या. एका फेरीला दीड ते अडीच डॉलर. दिवसभराचा पर्यटक पास घेऊ नका. तो दिवसात चार-पाच वाड्या करणाऱ्यांसाठी आहे.

पहिली वाडी पाण्याकाठची. सिटी हॉल स्टेशनला उतरलं की समोर सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलची पांढरीशुभ्र इमारत. ती बांधली भारतातून काळ्या पाण्यावर आणलेल्या कैद्यांनी. भिंतींच्या गिलाव्यात चुना, अंड्याचा पांढरा बलक, साखर आणि नारळाची सोडणं भिजवलेलं पाणी घातलं होतं. सोडणांचं पाणी म्हटल्यावर आई भिंतीला हात लावून आली. तिथून पाच मिनिटांवर पडांगचं मैदान. ५ जुलै १९४३ ला नेताजींनी आझाद हिंद सेनेसमोर 'चलो दिल्ली'ची हाक दिली ती इथे. बाजूच्या एस्प्लनेड पार्कमध्ये सेनेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारक ब्रिटिशांनी १९४५ मध्ये परत आल्यावर पाडलं. टूरच्या बसेस इथे थांबत नाहीत, आपण थांबायचं. पुढे सिंहाच्या तोंडाचा मर्लायन, हेलिक्स पूल, आणि अंधार पडला की गार्डन्स बाय द बेमधली २५ ते ५० मीटर उंचीची लोखंडी झाडं. त्यांचा प्रकाश-संगीताचा खेळ रात्री पावणेआठ आणि पावणेनऊला असतो, गवतावर आडवं पडून बघायचा. या सगळ्या दिवसाला तिकीट शून्य.

तिथल्या काचेच्या दोन मोठ्या घरांना मात्र तिकीट आहे. एकात फुलं, दुसऱ्यात ३५ मीटरांचा घरातला धबधबा. ज्याने श्रावणात आंबोली बघितली त्याने धबधब्यासाठी पैसे द्यावेत का? मी दिले. फुलांचं घर आवडलं, धबधबा बघून आईने फक्त "हां" म्हटलं.

दुसरी वाडी चायनाटाऊन. चिनी वस्तीच्या मधोमध १८२७ मध्ये स्थापन झालेलं मरिअम्मन देवीचं देऊळ आहे, शहरातलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ. त्याच्या शेजारी मशीद, चार पावलांवर बुद्धाच्या दाताचं भव्य मंदिर. दुपारी उन्हाच्या वेळी त्या बुद्धमंदिरात जाऊन बसा, गार असतं. जेवायला समोर मॅक्सवेल हॉकर सेंटर.

तिसरी वाडी लिटल इंडिया आणि त्याला लागून कामपोंग ग्लाम. टेक्का सेंटरचा मासळीबाजार सकाळीच गाठा. मालवणच्या माणसाला तिथे अर्धा तास कमी पडतो. दुपारनंतर सुलतान मशीद. तिच्या सोनेरी घुमटाखाली काळपट पट्टा दिसतो, तो गरीब लोकांनी दिलेल्या काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे.

चौथी वाडी हिरवी. बोटॅनिक गार्डन १८५९ मधलं, २०१५ पासून जागतिक वारसा, प्रवेश फुकट, फक्त ऑर्किडच्या बागेला तिकीट. झाड न मारता रबराचा चीक कसा काढायचा ती पद्धत इथे हेन्री रिडली या संचालकाने बसवली. दोडामार्गात सकाळी रबराच्या झाडाला तिरपी चीर पाडणारा माणूस तीच विद्या वापरतो.

पाचवी वाडी मला सगळ्यांत प्यारी. पुलाऊ उबिन बेट. ताना मेरा स्टेशनवरून २ नंबरची बस चांगी व्हिलेजला जाते. धक्क्यावर बारा माणसं जमली की लाकडी होडी सुटते, माणशी चारेक डॉलर रोख. पलीकडे जुन्या सिंगापूरचं गाव शिल्लक आहे: पत्र्याची घरं, भाड्याच्या सायकली, खारफुटीवरून जाणारी लाकडी वाट. होडीतून उतरताच आई म्हणाली, "हयसर पण माडच आसत मरे!" आणि सबंध सहलीत पहिल्यांदा मोकळी हसली.

सेंटोसाला जायचं तर हार्बरफ्रंटवरून पायी जाण्याची फुकट वाट आहे. पण समुद्रकिनाऱ्यासाठी जाऊ नका. तिथली वाळू बाहेरून आणून टाकलेली आहे. तारकर्ली, आरे-वारे, गुहागर सोडून आणलेली वाळू बघायला कशाला जायचं? मुलं असतील तर तिकिटाचं एकच मोठं ठिकाण निवडा, प्राणिसंग्रहालय किंवा सेंटोसावरचं मनोरंजननगर, आणि त्याला अख्खा दिवस द्या.

पोटाची सोय

हॉकर सेंटरमध्ये चार ते आठ डॉलरांत पोटभर जेवण होतं. या खाद्यसंस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. जागा धरायची पद्धत मजेशीर आहे: टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवायचं, की ते टेबल तुमचं. आपल्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तेच. जेवण झाल्यावर ताट स्वतः नेऊन ठेवायचं, नाहीतर दंड होऊ शकतो.

आपल्या जिभेला तिथलं जेवण परकं वाटत नाही. नारळाच्या दुधातला भात, त्यावर तळलेली सुकी बारीक मासळी आणि लाल मिरचीची चटणी, त्याला नासी लमाक म्हणतात. लाक्सा म्हणजे नारळाच्या रसातल्या शेवया. केळीच्या पानावर मिरचीचं वाटण लावून भाजलेली वागळी मिळते, ती खाल्ल्यावर माझं आणि स्वयंपाकघराचं नातं थोडं बदललं आहे. गोमांस आणि डुकराचं मांस सगळीकडे असतं, तेव्हा ऑर्डरआधी विचारा. संकष्टी किंवा शाकाहार पाळणाऱ्यांनी लिटल इंडिया गाठावा, सेरंगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास आहे. कॉफीला 'कोपी' म्हणतात, नुसती मागितली तर आटवलेल्या गोड दुधातली येते. 'कोपी ओ' म्हणजे बिनदुधाची, 'कोसोंग' जोडलं की बिनसाखरेची. नळाचं पाणी बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका.

डुरियन हे फळ मेट्रोत न्यायला बंदी आहे. वासाने कळेल का ते. बरका फणस आवडणाऱ्याने एक गर चाखून बघावा, कापावाल्यांनी लांबून नमस्कार. मेट्रोत खाणंपिणंही मना आहे, अगदी पाण्याचा घोटसुद्धा.

परतीचा दिवस

शेवटच्या दिवशी कुठलीही वाडी ठेवू नका. सामान घेऊन चार तास आधी चांगी विमानतळावर जा. तिथल्या ज्वेल इमारतीत छतातून ४० मीटर खाली पडणारं पाणी आहे, बघायला पैसे नाहीत. उरलेल्या नोटा परत बदलता येतात, नाणी कुणी घेत नाही. आमच्याकडे सहा डॉलरांची चिल्लर उरली होती. तिघांनी तीन कोपी घेतल्या आणि उरलेली नाणी आईने पदराच्या गाठीत बांधली, गावात देवळाच्या पेटीत टाकायला.